बी.एस्सी. नर्सिंग: पुस्तक आणि वॉर्ड एकत्र भेटतात तेव्हा

बी.एस्सी. नर्सिंगला नव्याने आलेल्या मुली मला हमखास विचारतात, "ताई, थिअरी अवघड की ड्युटी?" चार वर्षं पूर्ण करून, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आल्यावर मी एवढं खात्रीने सांगते, की ही दोन वेगळी काढताच येत नाहीत. जिथे ती वेगळी पडतात तिथे नुकसान विद्यार्थिनीचं होतं आणि पेशंटचंही.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते, कारण ते आता बदललंय. हल्ली महाराष्ट्रात या कोर्ससाठी स्वतंत्र सीईटी होते. आमच्या वेळी ती नव्हती. आमचं कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न, आणि अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिलचा, आठ सत्रांचा. त्यात अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात: थिअरीचं एक क्रेडिट २० तासांचं, लॅबचं ४० तासांचं आणि क्लिनिकलचं, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटीचं, तब्बल ८० तासांचं असतं. थिअरीला ८० टक्के हजेरी चालते. क्लिनिकलची मात्र पदवी मिळण्याआधी पूर्ण १०० टक्के भरावी लागते. आजारपणात बुडलेली ड्युटी नंतर भरून द्यावीच लागते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पहिल्या सत्रात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मानसशास्त्र, समाजशास्त्र असं सगळं एकदम अंगावर येतं. लॅबमध्ये डमीवर बेडमेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी, हात धुण्याच्या पायऱ्या. पाठांतर चालू असतं, पण हे सगळं कुठे जाऊन मिळणार, ते काही समजत नाही.

मला ते समजलं चौथ्या सत्रात, मेडिसिन वॉर्डात. केअर प्लॅनसाठी, म्हणजे एका पेशंटच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा करायला, मला एक आजी मिळाल्या. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तपुरवठा थांबून झटका आलेला, डावा हात आणि पाय लुळा. गिळता येत नव्हतं म्हणून रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी. प्रत्येक फीडच्या आधी नळी जागेवर आहे ना ते पाहायचं, डोक्याची बाजू उंच ठेवायची, फीड संपल्यावरही काही वेळ तशीच राहू द्यायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड, टाचा, खांदे तपासायचे. लॅबमध्ये घोकलेल्या प्रत्येक पायरीला इथे कारण होतं: अन्न फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया, एकाच कुशीवर राहिल्या तर बेडसोअर, म्हणजे दाबामुळे कातडीला होणारी जखम.

त्यांची सून दिवसभर डाव्या बाजूच्या स्टुलावर बसायची. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "सिस्टर, मी एवढं करते, पण सासूबाई माझ्याकडं बघतबी न्हाईत. तोंड फिरवून घेत्यात." मी ते जाऊन ट्यूटर मॅडमना सांगितलं. मॅडमनी उत्तर दिलं नाही, मलाच विचारलं, "झटका मेंदूच्या कुठल्या बाजूला आलाय? पॅरायटल लोबचं काम काय, आठवतंय?" आणि पॅरायटल लोबची, म्हणजे शरीराचं आणि आसपासच्या जागेचं भान ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाची, वर्गातली आकृती डोळ्यांसमोर उभी राहिली. उजव्या बाजूला इजा झालेल्या काही पेशंटना डावीकडचं जग जाणवतच नाही. डोळे शाबूत असले तरी तिकडे लक्ष जात नाही. आजी रागावलेल्या नव्हत्याच.

आम्ही स्टूल उजवीकडे आणलं. सून तिथे बसून बोलायला लागली, तर आजींनी तिचा हात धरला. तेवढ्यावर मॅडम थांबल्या नाहीत. जेवण, औषधं, बोलणं आधी उजवीकडून, पण हळूहळू लक्ष डावीकडे वळवायचं, लुळा हात त्यांच्याच उजव्या हाताने धरायला लावायचा, असं आम्ही प्लॅनमध्ये लिहिलं. सुनेलाही शिकवलं, कारण घरी गेल्यावर नर्स तीच असणार होती. ॲनाटॉमी, न्यूट्रिशन, फार्मकॉलॉजी, संवाद, सगळे विषय एका खाटेपाशी जमले होते. त्यानंतर मी पुस्तक वेगळ्या नजरेने वाचायला लागले.

पुढे लेबर रूममध्येही हेच झालं. जन्मानंतर एक मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून द्यायचं औषध) १० युनिट, बाळाचा अपगार (तब्येतीचे गुण) पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला, हे वर्गात पाठ होतं. पण गर्भाशय घट्ट झालंय की सैल आहे, ते तळहाताला कळायला अनुभवी सिस्टरने आपला हात माझ्या हातावर ठेवून दाखवावं लागलं. ते डमीवर शिकता येत नाही.

म्हणूनच एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. एका ठिकाणच्या पोस्टिंगमध्ये, म्हणजे ठरावीक काळ नेमून दिलेल्या ड्युटीत, आमच्यासोबत ट्यूटर नसायच्या. सँपल पोहोचवणं, फायली लावणं, रिपोर्ट आणणं यातच शिफ्ट संपायची. लॉगबुकवर सह्या झाल्या, तास भरले, पण कुठल्याच पेशंटविषयी मला चार वाक्यं सांगता आली नसती. ८० तासांचं क्रेडिट खाटेपाशी शिकवणारं माणूस असेल तरच खरं. अशा वेळी प्राचार्यांना लेखी कळवा आणि रोज निदान एका पेशंटवर चर्चा मागा. आम्ही वर्गाने मिळून मागितली आणि ती सुरू झाली.

आता मी स्टाफ नर्स आहे. पोस्टिंगच्या मुली वॉर्डात आल्या की प्रत्येकीला एक पेशंट नेमून देते, आणि फाईल उघडण्याआधी त्या पेशंटशी आणि नातेवाइकांशी बोलून यायला सांगते.