तळघराच्या एकाच भिंतीवर दोन प्रकारची ओल

पुण्यातल्या टेकड्यांच्या उतारावरील अनेक जुन्या बंगल्यांना खडक फोडून केलेली तळघरे आहेत आणि मी वॉटरप्रूफिंगची कामे घेत असल्यामुळे जुलै उजाडला की त्यांच्या मालकांचे फोन सुरू होतात. सहकारनगर परिसरातले एक निवृत्त प्राध्यापक तळघरात पुस्तके ठेवत असत. भिंतीला आतून दोनदा लेप देऊन झाला होता, हवेतला ओलावा काढणारे यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, अहोरात्र चालू होते, तरीही गिलाव्याचे पोपडे सुटत होते आणि त्यांखाली पांढरे क्षार फुलत होते. “यंत्राची टाकी रोज भरते, म्हणजे ते काम करते आहे ना?” असे सरांनी विचारले. काम ते करीतच होते, पण खिडकी उघडी असल्यामुळे ते बंगल्याबाहेरची हवा सुकवीत बसले होते.

मी भिंतीवर प्लास्टिकचे दोन तुकडे, एक जमिनीलगत आणि एक छातीच्या उंचीवर, चारही कडा चिकटपट्टीने बंद करून लावले. दुसऱ्या दिवशी खालच्या तुकड्याच्या मागे पाणी साचलेले होते. वरच्याची मागची बाजू कोरडी होती, पण पुढून तो ओलाचिंब होता. म्हणजे खालची ओल जमिनीतून झिरपत होती आणि वरची हवेतून येत होती. बाहेरची हवा २८ अंशांवर आणि ८८ टक्के आर्द्र असेल, तर सुमारे २६ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर तिचे दव पडते, आणि सरांची भिंत २४ अंशांवर होती. हवा खेळती ठेवावी हा घरोघरचा सल्ला पावसाळ्यातल्या तळघराला मात्र लागू पडत नाही.

झिरपा शोधण्यासाठी बाहेरून मागच्या भिंतीलगत चर घेतला. भर पावसाळ्यात असे खणणे मी टाळतो, पण चांगली उघडीप होती आणि भिंतीचा आधार सुटू नये म्हणून आम्ही तुकड्यातुकड्याने खणत होतो. पाच फुटांवर मुरूम संपून काळा पाषाण लागला आणि त्या दोहोंच्या सांध्यातून मनगटाएवढी धार सुटली. पाऊस थांबलेला असूनही टेकडीवर मुरलेले पाणी खडकाच्या पाठीवरून उतरत होते, त्यात गच्चीच्या पन्हाळीचा पाइपही तिथेच सोडलेला होता, आणि पुढे वाट नसल्यामुळे हे सगळे खडक व भिंत यांच्यामधल्या भरावात हौदासारखे तुंबले होते. दीड मीटर उंचीचे पाणी तळाशी चौरस मीटरला सुमारे दीड टन दाब देते. आतून दिलेला लेप अशा दाबापुढे सुटतो यात नवल नाही. पंपाने पाणी उपसल्यावर संध्याकाळपर्यंत आतल्या फरशीच्या कडेचा झिरपा थांबला, तेव्हा सर टॉर्च घेऊन प्रत्येक कोपरा पुन्हा पुन्हा तपासत होते.

त्यानंतरचे काम सरधोपट होते: बाहेरून गिलावा व पॉलिमर-सिमेंटचा लेप, चरात खडी, माती अडवून पाणी जाऊ देणारे जिओटेक्स्टाइल कापड आणि उताराच्या बाजूला उघडणारा छिद्रांचा पाइप. खिडकी बंद करून यंत्र ५५ टक्के आर्द्रतेवर लावले आणि त्याची नळी थेट गटारात सोडली.

सरांना गणपतीपूर्वी रंग हवा होता. भिजलेली भिंत महिन्याला जेमतेम इंचभर सुकते असा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे, आणि ही तर नऊ इंची होती. मी खराब गिलावा काढून विटा उघड्या ठेवायला सांगितले आणि रंगाचे दरपत्रक उन्हाळ्यात देईन असे कळवले.