कुत्र्याची उलटी: सकाळपर्यंत थांबावे की लगेच निघावे?

‘कुत्रा सारखा ओकतो आहे, काय करू?’ असा फोन मला ओळखीच्या कुणाचा ना कुणाचा येतच असतो, आणि तो बहुधा सगळे दवाखाने बंद झाल्यावर येतो. मी पशुवैद्य नाही. घरात वर्षानुवर्षे कुत्री असल्याने आमच्या डॉक्टरांनी दाखवलेल्या काही खुणा अंगवळणी पडल्या आहेत, इतकेच. फोन करणारा उलट्या किती झाल्या ते आधी सांगतो. मी मात्र दोन उलट्यांच्या मधल्या वेळात कुत्रा काय करतो आहे, हे आधी विचारते.

गवत खाऊन फेस काढणे, पहाटे रिकाम्या पोटी पिवळे पित्त ओकणे किंवा अधाशीपणाने गिळलेले जेवण तसेच्या तसे बाहेर टाकणे, हे धडधाकट मोठ्या कुत्र्यात अधूनमधून होतच असते. ओकून झाल्यावर तो पूर्ववत हिंडू-फिरू लागला, तर काही तास खायला न देता, थोडे थोडे पाणी पाजून वाट पाहता येते. तोच कुत्रा कोपऱ्यात निपचित पडला, हाकेला मान वर करेना आणि प्यायलेले पाणीही पोटात ठरेना, तर मी सकाळची वाट पाहत नाही. अशा वेळी त्याचा वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबावे आणि सोडावे. पांढरा पडलेला ठिपका साधारण 2 सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. त्याला याहून अधिक वेळ लागला, किंवा हिरड्या मुळातच पांढुरक्या अथवा पिवळसर असल्या, तर निघावे. ज्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

सर्वांत फसवी उलटी म्हणजे जिच्यात काहीच बाहेर पडत नाही ती. कुत्रा पुन्हा पुन्हा उबळ काढतो, फार तर लाळ किंवा फेस येतो, बसवत नाही म्हणून तो येरझारा घालतो आणि पोट ढोलासारखे ताणले जाते. जठर वायूने फुगून स्वतःभोवती पीळ घेत असल्याची ही लक्षणे असू शकतात. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या जातींत हा धोका अधिक असतो. रक्तपुरवठा तुटल्याने काही तासांत जीव जाऊ शकतो आणि पीळ सोडवायला शस्त्रक्रियाच लागते. इथे ओव्याचे पाणी पाजत बसणे म्हणजे हातचा वेळ घालवणे होय.

लस अपुरी राहिलेल्या पिल्लाला उलट्यांबरोबर दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब होऊ लागले, की पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नसबंदी न झालेली मादी माजानंतर काही आठवड्यांनी ओकू लागली आणि पाणी फार पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात आणखी एक भानगड असते, ती आंब्याच्या कोयीची. रसाचा वास लागलेली गुळगुळीत कोय कुत्रा सहज गिळतो आणि ती लहान आतड्यात अडकते. कधी कधी उलट्या काही दिवसांनी सुरू होतात, तोवर कोय कुणाच्या लक्षातही राहिलेली नसते. एक्स-रेमध्ये ती हाडासारखी ठळक दिसेलच असे नाही, म्हणून आंबे खाल्ल्याचे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

उंदराचे औषध खाल्ल्याचा संशय असेल, तर उलटीची वाट पाहूच नये. त्यात झिंक फॉस्फाइड असेल, तर पोटातल्या आम्लामुळे त्यापासून विषारी वायू तयार होतो. भाकरी-दूध खाऊ घातल्यास आम्ल वाढून वायूही वाढतो, आणि ओकारीतून येणारा तो वायू माणसालाही बाधतो. म्हणून खिडक्या उघडाव्यात आणि वास घ्यायला जवळ जाऊ नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे हा आणखी एक घातक उपाय आहे, कारण त्या मिठानेच विषबाधा होऊ शकते. आपल्या कपाटातल्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्याही देऊ नयेत.

निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून डॉक्टर प्रत्यक्ष हजर आहेत ना, हे विचारून घ्यावे. ‘चोवीस तास सेवा’ या पाटीवर माझा फारसा भरवसा नाही. उलटीचा फोटो काढावा, विषाचे किंवा गोळ्यांचे पाकीट सापडल्यास ते सोबत घ्यावे, आणि गाडीत कुत्र्याचे तोंड बांधू नये, कारण ओकारी आली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते.