चार स्पेक्ट्रम कशाला?

गेल्या शनिवारी बंद पडलेली केटल टाकायला टिपवर गेले होते. इकडे इंग्लंडमध्ये कचरा नेऊन टाकायच्या जागेला 'टिप' म्हणतात. लाकूड वेगळं, काच वेगळी, विजेवर चालणाऱ्या वस्तू वेगळ्या पिंजऱ्यात. माझ्या पुढच्या गाडीतून एका माणसाने बीबीसी मायक्रो, म्हणजे ऐंशीच्या दशकातला एक कॉम्प्युटर, बाहेर काढला. मी असे जुने कॉम्प्युटर जमवते, त्यामुळे लांबूनच ओळखला. रुंद, पिवळट पडलेली पेटी, काळी बटणं आणि वरच्या रांगेत ती दहा नारिंगी-लाल बटणं. गाडीचं दार उघडं टाकून मी धावले, पण तोवर त्याने तो पिंजऱ्यात ठेवलासुद्धा, एका टोस्टरवर.

मी विचारलं, "मी घेऊ का?" तो म्हणाला, "घ्या की, आनंदाने घ्या." तेवढ्यात पिवळं जाकीट घातलेला तिथला कर्मचारी आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "सॉरी, पिंजऱ्यात गेलं की ते आमचं. बाहेर काढता येत नाही." ज्याची वस्तू होती तो शेजारी उभा राहून 'देतो' म्हणतोय, हात लांब केला तर पेटी हाताला लागेल इतकी जवळ आहे, आणि ती मला मिळत नाही. मी दहा पौंड देऊ केले, तर त्याचा चेहराच बदलला. इथे पैसे पुढे करणं म्हणजे भलतंच काही. मग मी गप्प बसले. घरी आल्यावर लक्षात आलं, केटल तशीच मागच्या सीटवर होती.

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. नियमामागचं कारण मला कळतं. विजेची वस्तू कोणी उचलून नेली, घरी लावली, शॉक बसला, तर जबाबदार कोण? सगळं तोलून, नोंद करून पुढे जातं आणि त्यातलं तांबं वगैरे खरोखर परत वापरलं जातं, हेही खरं. पण हे यंत्र १९८१च्या डिसेंबरात एकॉर्न कंपनीने बाजारात आणलं, आमच्या घरापासून तासाभरावरच्या केंब्रिजमध्ये. त्याच एकॉर्नच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे जो प्रोसेसर रचला, तो एप्रिल १९८५मध्ये पहिल्यांदा चालला. त्याचं नाव एआरएम. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्याच्या पोटात बहुतेक त्याचाच वंशज आहे. आपल्याकडेही १९८४च्या सुमारास शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या 'क्लास' प्रकल्पात हीच यंत्रं आली होती. तर त्या घराण्याचा मूळपुरुष टोस्टरवर पालथा पडलेला मी बघून आले.

वाईट याचं वाटतं की तो बहुधा दुरुस्त होण्यासारखा होता. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये कागदाचे थर असलेले कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, असतात. वरचं पारदर्शक कवच काळाने तडकतं, आत दमट हवा शिरते, आणि वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र कोणी कौतुकाने चालू केलं की वीसेक मिनिटांत फट् असा आवाज होऊन उग्र वासाचा पांढरा धूर निघतो. माझ्याकडचा पहिला असाच धुरला होता. घरातला स्मोक अलार्म वाजला, नवरा वरून धावत आला. घाबरून लोक अशा वेळी यंत्र सरळ टिपवर नेतात. खरं तर धूर निघाल्यावरही पुष्कळदा यंत्र चालतच असतं. दोन कॅपॅसिटर बदलायचे, खर्च एका कॉफीपेक्षा कमी.

आता पुण्यात हे झालं असतं तर? बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात ते यंत्र एखाद्या ताडपत्रीवर दिसलं असतं, शेजारी रिमोटचा ढीग आणि पितळी नळ. मी पन्नास म्हटलं असतं, तो तीनशे. शेवटी दीडशेला घेऊन, रिक्षात मांडीवर ठेवून घरी आणलं असतं. कॅपॅसिटर तापकीर गल्लीत मिळाला असता. तिथे काउंटरमागचा माणूस जुना भाग नुसता हातात घेऊन बघतो आणि न बोलता मागचा खण उघडतो. वस्तू मेली हे ठरवण्याआधी आपल्याकडे निदान तीन माणसं ती उघडून बघतात. ह्या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो मी इथे पंधरा वर्षं उघडपणे मिरवते.

पण मग आमच्या घरची गोष्टही सांगायला हवी.

सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्याकडे एक डीबी स्पेक्ट्रम प्लस होता. सिंक्लेअर कंपनीचा हा घरगुती इंग्लिश कॉम्प्युटर, टीव्हीला जोडायचा. तो परवाना घेऊन भारतात आणलं ते पुण्याच्याच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने, १९८६मध्ये. बाबांनी तो पुढच्या वर्षी घेतला, आईशी बरीच चर्चा करून. प्रोग्राम कॅसेटवर असायचे. टेपरेकॉर्डर जोडायचा, प्ले दाबायचं, की किंचाळल्यासारखा आवाज वाडाभर जायचा आणि टीव्हीच्या कडेने आधी लाल-आकाशी, मग निळ्या-पिवळ्या पट्ट्या पळायच्या. चार-पाच मिनिटं दादा आणि मी श्वास रोखून बसायचो. शेवटी पुष्कळदा 'आर टेप लोडिंग एरर' उमटायचं. मग बाबा चष्मा कपाळावर चढवून, घड्याळाचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवायचे. कान लावून ऐकायचे. आवाज घोगरा असला की नाही म्हणायचे, स्वच्छ आणि टोकदार झाला की "हं, आता लाव."

वाडा पाडायचा ठरला आणि आम्ही कोथरूडला आलो तेव्हा तो स्पेक्ट्रम भंगारवाल्याकडे गेला. टेपरेकॉर्डर, बाबांची मोडकी सायकल आणि तो, सगळं वजनावर. मी त्या दिवशी क्लासला गेले होते. कोणाची चूक म्हणू? नवीन घरी माळा नव्हता. आईने पितळी भांडी सांभाळली, गौरींचे मुखवटे सांभाळले, ते आजही आहेत. 'कॉम्प्युटर' सांभाळायची वस्तू आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? तरीही, टिपवरच्या नियमाला नावं ठेवताना माझ्या डोळ्यांसमोर तो तराजू येतोच.

असो. नवऱ्याचा प्रश्न वेगळा होता. तो म्हणायचा, आठवण म्हणून एक ठेव ना, चार कशाला? माझ्याकडे तेव्हा रबरी बटणांचे तीन स्पेक्ट्रम होते, स्पेक्ट्रम प्लस चार, कमोडोर ६४ दोन, बीबीसी मायक्रो दोन. शिवाय पुण्याहून आणलेले टीव्ही गेमचे तीन संच, तेच आपले लाल-पांढरे, पिवळ्या कॅसेटवाले, जपानी फॅमिकॉमची नक्कल असलेले. इथल्या मैत्रिणी 'होर्डिंग' हा शब्द वापरतात, हळू आवाजात, जसा एखाद्या आजाराचा उल्लेख करतात तसा. तो शब्द मला लागतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाहेरून सारखे दिसणारे दोन स्पेक्ट्रम आतून सारखे नसतात. २३ एप्रिल १९८२ला तो आला तेव्हा १६केचा, म्हणजे १६ किलोबाइट मेमरीचा, १२५ पौंडांना होता आणि ४८केचा १७५ला. किंमत खाली ठेवायला सिंक्लेअरने काय काय केलं ते झाकण उघडल्यावर दिसतं. वरच्या ३२के मेमरीसाठी त्यांनी ६४ किलोबिटच्या अशा चिप घेतल्या ज्यांचा अर्धा भाग सदोष निघाला होता, आणि चांगला अर्धा तेवढा वापरला. कुठल्या बोर्डावर कुठला अर्धा चांगला, ते जोडणीवरून ठरवलेलं असतं. बोर्डाच्या आवृत्त्याही अनेक, इश्यू एकपासून सहापर्यंत. अगदी पहिल्यांची बटणं फिकट राखाडी, पुढच्यांची निळसर. कोणाच्या बोर्डावर कारखान्यातच एखादा ट्रान्झिस्टर चिपच्या पाठीवर आडवा डकवलेला. इथे 'डुप्लिकेट' म्हणायचं तरी कशाला?

शाळेच्या सहलीत बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात आपण सगळेच गेलोय. दिनकर केळकरांनी एका आयुष्यात सुमारे २०,००० वस्तू गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. तिथे अडकित्ते किती आहेत आठवतंय का? मोराचे, घोड्याचे, माणसांचे. सुपारी कातरायला एक पुरतो. पण एकच ठेवला असता तर अडकित्ता म्हणजे काय ते कळलं असतं, अडकित्ते घडवणारी माणसं कळली नसती. काकासाहेब केळकरांना त्या काळी घरात काय ऐकावं लागलं असेल याचा मी कधी कधी विचार करते.

आणि दुरुस्तीला दुसरं यंत्र हवंच. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६केसाठी ४११६ नावाच्या आठ चिप असतात. त्यांना तीन वेगवेगळे दाब लागतात, ५, १२ आणि उणे ५ व्होल्ट, आणि त्यातला उणे ५ गेला की चिप पटापट मरतात. तीन वर्षांपूर्वी मी घाईत एका स्पेक्ट्रमला दुसऱ्या कुठल्यातरी वस्तूचा ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला. पिन बसली, पण स्पेक्ट्रमला मधोमध ऋण लागतं आणि त्या अडॅप्टरला धन होतं. करपट वास आला. नंतर योग्य अडॅप्टर लावला तर पडद्यावर नुसत्या उभ्या पट्ट्या. ते यंत्र दुरुस्त झालं ते केवळ शेजारी दुसरं चालू यंत्र उघडून ठेवता आलं म्हणून. चांगल्यात ह्या पायावर किती व्होल्ट, बिघडलेल्यात किती, असं एकेक पाय मोजत तीन संध्याकाळी गेल्या. फेरांटी कंपनीने बनवलेली त्यातली मुख्य चिप आता कारखान्यात निघत नाही. हौशी लोकांनी पर्याय तयार केलेत, पण मूळ चिप चांगली आहे की गेली, हे बघायला ती चालत्या यंत्रात बसवूनच बघावी लागते.

आता एक चांगली गोष्ट. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक निवृत्त आजोबा राहतात. कुंपणापाशी बोलताना विषय निघाला, आणि दुसऱ्या दिवशी ते मूळ खोक्यासकट स्पेक्ट्रम प्लस घेऊन दारात उभे. पैसे नकोत म्हणाले. एक कॅसेट मात्र वेगळी दिली. त्यांच्या मुलाने बारा वर्षांचा असताना लिहिलेला प्रोग्राम होता त्यात. मुलगा आता ऑस्ट्रेलियात. "चालला तर सांगशील?"

त्यांचं यंत्र चालेना. बटणांखालचं प्लास्टिकचं पटल कडक होऊन त्याची पट्टी तुटली होती, अर्धी बटणं मुकी. नवीन पटल मागवलं तर येतं, पण आठवडा लागतो, आणि आजोबा आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. मी माझा दुसऱ्या क्रमांकाचा स्पेक्ट्रम प्लस आणला. कॅसेट लावली, पट्ट्या पळाल्या, एरर आली. पुन्हा लावली, पुन्हा एरर. मग बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवला, कान टेकवून. आवाज टोकदार झाला. तिसऱ्या वेळी लोड झाला.

लंडनला जाणाऱ्या त्यांच्या लाइनवरची स्टेशनं ओळीने विचारणारा छोटासा खेळ होता तो. आजोबांनी एका बोटाने सगळी स्टेशनं टाइप केली, एकही चुकलं नाही. एक स्टेशन आता बंद झालंय म्हणाले. पडद्याचा फोटो काढून तिथल्या तिथे मुलाला पाठवला. चहा गार झाला होता, मी दुसरा टाकला.

त्या दिवसापासून नवऱ्याने 'चार कशाला' विचारलेलं नाही. आजोबांचं धरून आता पाच झालेत, हेही त्याने मोजलेलं नसावं.

डिसेंबरात पुण्याला येतेय. त्यातला एक स्पेक्ट्रम प्लस दादाच्या मुलीसाठी आणणार आहे, हातातल्या बॅगेत. इथलं यंत्र पुण्यात तसंच चालतं. टीव्हीची पद्धत दोन्हीकडे पॅल, वीज दोन्हीकडे ५० हर्ट्झ, फक्त प्लगच्या पिना बदलायच्या. आवाज तर यंत्राच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधूनच येतो.

आणि एक मागणं. सदाशिव, नारायण, शनिवार, कुठल्याही पेठेत, कोथरूड-कर्वेनगरच्या कुठल्याही कपाटात काळा, चपटा, हाताएवढा लांब कीबोर्ड असेल आणि त्यावर 'डीबी' लिहिलेलं दिसलं, तर भंगारात देऊ नका, मला कळवा. बंद असला तरी चालेल. बटणं तुटलेली असली तरी चालेल. सोबतचा अडॅप्टर सापडला तर तोही ठेवा, पण कृपा करून लावून बघू नका.