दहावा विजय नोंदवताना

अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या मेमोरियल स्टेडियमवर इंडियाना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना असला, की मी वर प्रेस बॉक्समध्ये आकडेवारीच्या टेबलावर असतो. दुर्बीण लावलेला स्पॉटर खेळाडूंचे क्रमांक पुकारतो आणि मी संगणकात भरत जातो. चेंडू कोणी नेला, किती यार्ड, कोणी अडवला, एकट्याने की दोघांनी मिळून. पुढचा चेंडू हलायच्या आत हे सगळं भरून व्हायला लागतं. प्रेस बॉक्समध्ये एक नियम कडक आहे: कुठल्याही संघासाठी ओरडायचं नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या स्थानिक फुटबॉल संघांच्या सामन्यांना घसा बसेपर्यंत ओरडत वाढलेल्या माणसाला ते जड जातं.

२०२३ साली मात्र ओरडण्याजोगं फारसं नव्हतंच. ३ विजय, ९ पराभव. मध्यंतरानंतर गॅलरी रिकामी व्हायला लागायची, आणि त्यात लोकांचा दोष नव्हता.

त्या हंगामानंतर कर्ट सिग्नेटी मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. वय साठीच्या पुढे. वडीलही नावाजलेले प्रशिक्षक. स्वतः ॲलाबामा विद्यापीठात निक सेबन या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली काम केलेलं, पण ती मोठी जागा सोडून ते पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजच्या संघाकडे गेले, तिथून एलॉन, मग जेम्स मॅडिसन या विद्यापीठांकडे. इथे आल्यावर खेळाडूंना ते काय सांगून बोलावतात, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं, ‘मी जिंकतो. गूगल करून बघा.’ अनेकांना तो उर्मटपणा वाटला. मला नाही वाटला. इंडियानात इतकी वर्षं कोणी असं बोललंच नव्हतं, आणि ते कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

दुसऱ्या विद्यापीठांतून बदली करून आलेले खेळाडू इतके होते, की माझी जुनी पाठ केलेली यादी निम्म्याहून जास्त बाद झाली. १३ जण जेम्स मॅडिसनहूनच आलेले. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, कर्टिस रोर्क ओहायो विद्यापीठातून आलेला. हंगामाआधीच्या अंदाजात बिग टेन या आमच्या गटातल्या १८ संघांत आमचा नंबर १७वा होता. प्रत्यक्षात संघ जिंकतच सुटला. नेब्रास्काला ५६-७ असं हरवलं. त्याच सामन्यात रोर्कच्या अंगठ्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, तरी पुढच्या शनिवारी वॉशिंग्टनलाही हरवलं.

९ नोव्हेंबर २०२४ ला मिशिगन आलं तेव्हा आमचे ९ पैकी ९ विजय झाले होते. १९४५ आणि १९६७ या दोन हंगामांतही विजय ९च होते. त्यापुढे या विद्यापीठाचा संघ कधी गेलेलाच नव्हता. समोर होता आधीच्या हंगामातला राष्ट्रीय विजेता.

मध्यंतराला १७-३. मी आकडेवारीची पानं छापून दिली. कोणी जागेवरून हललं नव्हतं, स्टेडियम गच्च भरलेलं.

दुसऱ्या अर्धात इंडियानाच्या यार्डांचा आकडा जवळजवळ थांबलाच. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला मागेच पाडलं, तर गमावलेले यार्ड धावून मिळवलेल्या यार्डांतून वजा होतात. त्यामुळे बेरीज वाढायची सोडून खाली यायला लागते. मिशिगन एकेक फील्ड गोल (खांबांमधून चेंडू मारून मिळणारे ३ गुण) करत जवळ आलं, आणि शेवटच्या सत्रात टचडाऊन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन ६ गुण. १७-१५. टचडाऊननंतर मिळणाऱ्या जादा संधीत बरोबरीसाठी त्यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला.

तो अडवला गेला. नियम पाळून मी गप्प राहिलो, पण हात थरथरत होते.

आधीच्या इंडियानाचे असे सामने मी पाहिले होते. आक्रमण थंडावलं, की बचावाचे खांदेही पडायचे आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळं वाहून जायचं. त्या संध्याकाळी मी बचावाच्या नोंदी भरत होतो, तेव्हा तसं काही झालं नाही. फिशर, कामारा, पॉन्ड्स ही जेम्स मॅडिसनहून आलेली नावं जिंकत असतानाही ज्या जोमाने पुकारली जायची, त्याच जोमाने आताही येत होती. सिग्नेटींनी या संघात काय आणलं, ते मला मोठ्या फरकाने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा या अर्ध्या तासात जास्त कळलं. मैदानाकडेला ते हंगामभर जसे दिसायचे तसेच उभे होते, कपाळाला आठ्या, चेहऱ्यावर हसू नाही.

शेवटच्या काही मिनिटांत निको राडिचिचने फील्ड गोल मारला. २०-१५. मिशिगनचा शेवटचा हल्ला थांबला आणि मी दहावा विजय नोंदवला. खाली गॅलरीतून लोक ओरडत होते ते काचेतूनही ऐकू येत होतं. माझ्या शेजारचे स्पॉटर वयस्कर आहेत, हे काम माझ्या कितीतरी आधीपासून करतात. त्यांनी दुर्बीण टेबलावर ठेवली, माझा खांदा घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढे ओहायो स्टेटकडून ३८-१५ असा पहिला पराभव झाला, आणि डिसेंबरमध्ये नोटर डेमने राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत २७-१७ ने बाहेर काढलं. मधे पर्ड्यूला आम्ही ६६-० ने हरवलं, त्या दिवशी टाइप करून बोटं दुखली. पण घरी फ्रेम करून लावलाय तो मिशिगनच्या सामन्याचा तक्ता.