तुम्ही विचारलंत म्हणून: स्वॉट काढला, पुढे काय?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यातील शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठकांना सल्लागार म्हणून गेलो की कोणीतरी विचारतेच, ‘भाऊ, स्वॉटचा तक्ता करून भिंतीवर लावला, पण त्याने कंपनी बदलते का?’ स्वॉट म्हणजे बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके अशा चार रकान्यांचा तक्ता. नुसत्या तक्त्याने बदलत नाही, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक तक्ते फसतात ते ‘उणिवा’ या रकान्यात.

एका कंपनीला व्यापाऱ्याऐवजी स्वतःच्या पॅकहाउसमधून निर्यातीची केळी खोक्यांत भरून पाठवायची होती. उणिवांमध्ये पहिलीच ओळ होती, ‘सभासदांची उदासीनता’. ही संचालकांची तक्रार झाली; तिच्यावरून पुढे काय करायचे ते ठरत नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकात मांडलेली पद्धत घेतली: कागदावर मधोमध रेघ, एकीकडे बदलाला रेटणाऱ्या गोष्टी, दुसरीकडे अडवणाऱ्या. अडवणारी बाजू सभासदांनीच भरली. व्यापारी सगळी बाग कापून नेतो, पॅकहाउस मात्र निवडक फण्या घेते, मग उरलेले घड कोणाच्या गळ्यात मारायचे? व्यापारी अडीनडीला उचल देतो, कंपनीचा हिशोब मात्र कंटेनर पोचल्यावर. याला उदासीनता कोण म्हणेल?

रेटा वाढवला की ताणही वाढतो, त्यापेक्षा अडसर काढावा, असे लेविन यांचे म्हणणे. त्यानुसार कंपनीने दुय्यम प्रतीचा मालही स्थानिक बाजारासाठी घ्यायला आणि कापणीच्याच दिवशी काही रक्कम द्यायला सुरुवात केली. सगळे सभासद आले नाहीत, पण कुंपणावरचे बरेच आले.

धंद्यातली स्पर्धा समजून घेण्यासाठी व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेली पाच बलांची चौकटही अनेक जण वापरतात. ती खरेदीदाराची ताकद जोखायला उत्तम आहे, परंतु तिच्यात पुरवठादार हा बाहेरून सौदा करणारा असतो. २००२ च्या कायदादुरुस्तीने आलेल्या उत्पादक कंपनीत माल घालणारा सभासदच मालक असतो, आणि सर्वसाधारणपणे भाग (शेअर) कितीही असोत, वैयक्तिक सभासदाला मत एकच. अशा ठिकाणी वरून हुकूम सोडून बदल होत नाही.

तेव्हा स्वॉट ठेवा, फक्त प्रत्येक उणिवेसमोर ती कोणाला विचारून लिहिली त्याचे नाव घाला. जिथे संचालकांचीच नावे येतील, त्या ओळी सभासदांच्या बांधावर जाऊन पुन्हा लिहा, आणि हे कापणीआधी उरका, कारण बागेत ट्रक उभा राहिला की कोणालाच बोलायला सवड नसते.