केन थॉम्पसन यांनी हाताला लावलेले वळण

तुमच्या घडणीवर कोणाचा प्रभाव आहे, असे प्रोग्रामरला विचारले की तो बहुधा एखाद्या शिक्षकाचे किंवा पहिल्या नोकरीतल्या वरिष्ठाचे नाव घेतो. मला खरे उत्तर द्यायचे झाले, तर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्या, मी ज्यांना कधी भेटलेले नाही अशा केन थॉम्पसन यांचे नाव घ्यावे लागेल. समोर आलेल्या कामाचे तुकडे कुठे पाडायचे, कोणत्या गोष्टीकडे संशयाने पाहायचे, कोणती सोय मागायचीच नाही, हे मी स्वतः ठरवते असे मला बरीच वर्षे वाटत होते. प्रत्यक्षात त्यातले पुष्कळसे त्यांनी अर्ध्या शतकापूर्वी ठरवून ठेवलेले होते आणि मी ते वापरता वापरता अंगी लावून घेतले.

थॉम्पसन जिथे काम करत त्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेने मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अवाढव्य प्रकल्पातून १९६९ मध्ये अंग काढून घेतल्यावर त्यांच्या हाताशी उरली ती पीडीपी-७ नावाची, तेव्हाच जुनी झालेली मशीन. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी लहान मुलाला घेऊन काही आठवड्यांसाठी कॅलिफोर्नियाला गेल्या आणि त्या मोकळ्या दिवसांत ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एडिटर, असेम्ब्लर अशा भागांना साधारण एकेक आठवडा देऊन त्यांनी युनिक्सचे पहिले रूप उभे केले. ही कथा आमच्या क्षेत्रात पराक्रमकथेसारखी सांगितली जाते. मला तिच्यातला पराक्रम फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे, की मशीन तोकडी असल्यामुळे प्रत्येक भाग आटोपशीर ठेवणे भाग होते, आणि पुढे यंत्रे कितीतरी पटींनी मोठी झाली तरी आटोपशीरपणाची ती आवड मात्र टिकली. एका यंत्राची टंचाई ही आमच्या दोन-तीन पिढ्यांची अभिरुची होऊन बसली.

ही अभिरुची हाताला लागते ती पाइपमुळे. एका प्रोग्रामचे उत्तर थेट दुसऱ्याच्या तोंडी देता यावे, ही कल्पना बेल लॅब्जमधल्याच डग मॅकइलरॉय यांची. १९६४ पासून ते तिचा पाठपुरावा करत होते. थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये एका रात्रीत ती युनिक्समध्ये आणली. समजा, सर्व्हरचा काही कोटी ओळींचा लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंद, समोर आहे आणि कोणत्या पत्त्यावरून सर्वाधिक विनंत्या आल्या हे शोधायचे आहे. ऑकने पहिला रकाना काढायचा, सॉर्टने ओळी क्रमाने लावायच्या, युनिकने सारख्या ओळी एकत्र करून मोजायच्या, पुन्हा सॉर्टने आकड्यांनुसार उलट क्रम लावायचा आणि हेडने वरच्या दहा ओळी घ्यायच्या. मधला पहिला सॉर्ट नवख्या माणसाला अनावश्यक वाटतो. पण युनिक फक्त लागोपाठ आलेल्या ओळींचीच तुलना करतो. आधीची एकच ओळ लक्षात ठेवली की त्याचे भागते, म्हणून फाइल कितीही मोठी असली तरी त्याला मेमरी जवळजवळ लागतच नाही. पाचही प्रोग्राम एकाच वेळी सुरू होतात, आणि पुढच्याला वाचायला उशीर झाला व मधली जागा भरली, तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मागच्याला आपोआप थांबवून ठेवतो. हे थांबवणे पाचांपैकी एकाही प्रोग्रामच्या लेखकाला लिहावे लागलेले नाही.

या एका रचनेने माझ्या कामावर किती परिणाम केला, हे मला युनिक्सशी संबंध नसलेल्या कामांत अधिक जाणवते. डेटाबेसमधून अहवाल काढायचा असो की प्रतिमांवर प्रक्रिया करायची असो, मी आधी प्रवाह शोधते: काय आत येते, काय बाहेर जाते, मधल्या टप्प्याला किती लक्षात ठेवावे लागते. माझ्याबरोबर काम करणारी, वेगळ्या परंपरेत वाढलेली एक मैत्रीण त्याच प्रश्नात आधी वस्तू आणि त्यांची नाती पाहते. आमच्या दोघींचे आराखडे एकमेकींना पहिल्या वाचनात कधीच पटत नाहीत, आणि हा मतभेद बुद्धीचा नसून आपापल्या साधनांचा आहे हे कळल्यापासून आमची भांडणे बरीच सुसह्य झाली आहेत.

या वळणाची किंमतही मोजावी लागते. सगळे काही साध्या मजकुरातून वाहते, म्हणून प्रत्येक प्रोग्रामला समोरच्या मजकुराचा अर्थ नव्याने लावावा लागतो. फाइलच्या नावात मोकळी जागा आली की निष्काळजीपणे लिहिलेली स्क्रिप्ट आजही कोलमडते. मितभाषीपणाचेही तसेच. थॉम्पसन यांचा ईडी हा एडिटर काही चुकले की फक्त एक प्रश्नचिन्ह दाखवायचा. त्या शैलीचे कौतुक करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. माझ्या मते तो हट्टीपणा होता. चूक सांगताना प्रोग्रामने चार शब्द जास्त बोलावेत, या मताला मी त्यांच्याकडून इतके काही घेऊनही चिकटून आहे.

रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे शोधायचा नमुना लिहिण्याच्या पद्धतीच्या, बाबतीत मात्र त्यांचे ऐकले असते तर पुढच्या अनेकांचे भले झाले असते. मजकुरात नमुना शोधण्याची त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत सर्व शक्यता बरोबरीने पुढे नेत जाते, त्यामुळे मजकूर वाढला तर वेळ त्याच प्रमाणात वाढतो, भडकत नाही. ईडीमधल्या शोधाच्या आज्ञेतूनच पुढे ग्रेप हा शोधाचा प्रोग्राम जन्मला. नंतरच्या अनेक लोकप्रिय भाषांनी मात्र एक शक्यता धरून चालायचे, फसली की मागे फिरायचे, ही दुसरी रीत घेतली. तिच्यात सोयी जास्त मिळतात, पण एखाद्या वाईट नमुन्यावर ती भयंकर अडकते. २ जुलै २०१९ रोजी असंख्य वेबसाइटांची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीची सेवा जगभर काही काळ ठप्प झाली, ती अशाच एका नमुन्याने प्रोसेसर पूर्ण व्यापल्यामुळे. त्यानंतर कंपनीने वेळ न भडकण्याची हमी देणाऱ्या इंजिनाकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला. कोणी रेग्युलर एक्स्प्रेशन तपासायला दिली की ती बरोबर शोधते का, हे मी नंतर पाहते. सर्वांत वाईट मजकुरावर ती किती वेळ घेईल, हा प्रश्न आधी येतो.

तुम्ही आत्ता वाचत असलेली अक्षरेही त्यांच्याच एका संध्याकाळचे फळ आहेत. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या उपाहारगृहात, सहकारी रॉब पाइक यांच्यासोबत जेवताना, ताटाखालच्या कागदावर त्यांनी यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीची मांडणी केली. जगातल्या लिप्यांना एका संकेतात बसवण्याचे प्रयत्न तेव्हा चालूच होते. अडचण होती ती जुने इंग्रजी मजकूर आणि जुने प्रोग्राम न मोडता ते साधण्याची. देवनागरी ‘क’ यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स घेतो. पहिल्या बाइटची सुरुवात तीन एक आणि एक शून्य या बिटांनी होते, म्हणजे हे अक्षर तीन बाइटांचे आहे हे तिथेच कळते. उरलेले दोन्ही बाइट ‘एक-शून्य’ने सुरू होतात, आणि कोणत्याही अक्षराचा पहिला बाइट तसा कधीच सुरू होत नाही. त्यामुळे मजकुराच्या मध्यावर कुठेही उडी मारली, तरी थोडे मागे सरकताच अक्षराची सुरुवात सापडते.

याचे मोल मला एका प्रणालीच्या दुरुस्तीत कळले. बाहेरून आमच्याकडे आलेल्या त्या प्रणालीत संदेश ठरावीक बाइटांवर कापला जाई. इंग्रजीत काही बिघडत नसे. देवनागरी संदेशाच्या शेवटी मात्र अधूनमधून काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह उमटे, कारण कात्री अक्षराच्या पोटातून जात असे. तक्रारींवरून हा दोष फाँटचा आहे असे सगळ्यांनी धरले होते. दुरुस्ती चार ओळींची निघाली: कापण्याच्या जागेवरचा बाइट ‘एक-शून्य’ने सुरू होत असेल तर एक पाऊल मागे, आणि तसा नसलेला बाइट मिळेपर्यंत हेच. जोडाक्षर मधेच तुटू नये म्हणून पुढे आणखी काम करावे लागले, पण तो युनिकोडचा वेगळा आणि बराच किचकट विषय आहे. मला चकित केले ते याने, की अनोळखी लोक आपल्या मांडणीला कशीही कात्री लावतील, हे त्या कागदावरच्या आराखड्यात आधीच गृहीत धरलेले होते.

आणि मग तो संशय. युनिक्समधले त्यांचे सहकारी डेनिस रिची यांच्यासह १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाल्यावर केलेल्या, १९८४ मध्ये छापून आलेल्या भाषणात थॉम्पसन यांनी असा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सोर्समधून चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन, दाखवला, जो लॉगिनचा प्रोग्राम ओळखून त्यात चोरवाट घालतो आणि स्वतःचा सोर्स ओळखून नव्या कंपायलरमध्ये हीच खोड उतरवतो. त्यानंतर सोर्समधून ती खोड पुसून टाकली तरी बायनरीत, म्हणजे तयार झालेल्या प्रोग्राममध्ये, ती पिढ्यान्पिढ्या चालत राहते आणि वाचणाऱ्याला कुठेही दिसत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या, फाइली लहान करणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीतली चोरवाट आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आली, ती लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलामुळे. तिला चालना देणारी बिल्ड स्क्रिप्ट प्रकाशनासाठी बांधलेल्या संचात होती, सोर्स सर्वांना वाचता येतो त्या सार्वजनिक रिपॉझिटरीत नव्हती. तंत्र वेगळे असले तरी वाचलेला सोर्स आणि चालणारा प्रोग्राम यांच्यातली फट तीच. मी आता कोणतीही लायब्ररी घेताना तिचा संच कोणी, कुठे आणि कशातून बांधला, हे विचारते. सहकाऱ्यांना याचा कंटाळा येतो, हेही मला ठाऊक आहे. संशयाचा हा धडा देणाऱ्या माणसाचा स्वतःचा जुना पासवर्ड २०१९ मध्ये हौशी मंडळींनी उकलला, तेव्हा ती बुद्धिबळातली वजिराच्या प्याद्याची सुरुवातीची चाल निघाली.

गो ही भाषा रॉबर्ट ग्रीसेमर आणि पाइक यांच्यासह त्यांनी घडवली आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ती जाहीर झाली. तिघांनाही पटल्याशिवाय कोणतीही सोय भाषेत घ्यायची नाही, असा त्यांचा दंडक होता, आणि त्याचा मला मनस्ताप झालेला आहे. जेनेरिक्स, म्हणजे एकच फंक्शन अनेक प्रकारच्या माहितीवर चालवण्याची सोय, नसल्यामुळे तेच फंक्शन पूर्णांकांसाठी, अपूर्णांकांसाठी, मजकुरासाठी पुन्हा पुन्हा लिहावे लागे, आणि त्याबद्दल मी मनसोक्त कुरकुर केली आहे. मार्च २०२२ मध्ये १.१८ या आवृत्तीत जेनेरिक्स आली. मी जुनी फाइल उघडली आणि सारखी दिसणारी फंक्शने एकत्र करायला बसले. याद्या आणि संचांवर काम करणारी काही सहज एकत्र झाली. उरलेली एकत्र केल्यावर ओळी कमी झाल्या, पण प्रत्येकीचा अर्थ लावायला आधीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. ती मी परत सुटी केली आणि कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, टिपणात एवढेच लिहिले, की वाचायला हीच बरी.