दहा सेकंद मागे नेणारं बटण

मी मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासते. काम उबुंटू या लिनक्स प्रणालीवर, लिब्रेऑफिसमध्ये चालतं आणि सोबत ख्याल लागलेला असतो. माझ्याकडच्या बऱ्याच मैफली जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या आहेत. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, आणि तेवढ्याची एकच सलग फाइल. विलंबित संपून द्रुत कधी सुरू झालं, हे फाइलला ठाऊक नसतं. त्यामुळे ‘पुढचं गाणं’, ‘मागचं गाणं’ ही बटणं मला फारशी कामाची नाहीत. एकदा दाबलं की अख्खी बाजूच हातची जाते. मला हवं असतं ते मध्येच थांबवणं आणि दहा सेकंद मागे जाणं. एखाद्या ऱ्हस्व-दीर्घाशी मी अडलेली असते आणि तेवढ्यात तान समेवर येऊन गेलेली असते. ती पुन्हा ऐकल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

मी गाणी ज्यात वाजवते त्या व्हीएलसी या प्लेअरमध्ये ही सोय आहेच. स्पेसबारने गाणं थांबतं, ऑल्ट आणि डावा बाण दाबला की १० सेकंद मागे, शिफ्टबरोबर ३ सेकंद, कंट्रोलबरोबर एक मिनिट. पण त्यासाठी व्हीएलसीची खिडकी समोर असावी लागते. मुद्रितं वाचताना नजर ओळीवरून हलली की तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते, आणि चुका निसटतात त्या अशाच जागी. लॅपटॉपच्या वरच्या रांगेतली खास बटणं आवाज आणि पडद्याचा उजेड यांपुरतीच आहेत.

व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये ‘ग्लोबल हॉटकीज’ असा भाग आहे. खिडकी मागे असतानाही चालावीत अशी बटणं तिथे ठरवता येतात. ती मी ठरवली, पण काहीच घडेना. कारण शोधल्यावर कळलं की उबुंटूत २१.०४ पासून पडद्याचं काम बहुतेक लॅपटॉपवर वेलँड सांभाळतं, आणि वेलँडवर एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीत दाबलेली बटणं कळतच नाहीत. वेलँडच्या आधी हेच काम करणाऱ्या एक्स११वर कुठलाही प्रोग्रॅम आपण काय टाइप करतोय ते वाचू शकत असे. हे दार बंद केलं ते योग्यच झालं, पासवर्ड आपणही टाइप करतोच की. फक्त मला दुसरी वाट शोधावी लागली.

ती वाट म्हणजे एमप्रिस. लिनक्सवरचे बहुतेक प्लेअर या ठरलेल्या पद्धतीने बाहेरच्या प्रोग्रॅमचे हुकूम ऐकतात: थांब, चालू हो, इतकं मागे जा. व्हीएलसी ऐकतो, फायरफॉक्सही ऐकतो. हुकूम पाठवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लेअरसीटीएल. उबुंटूच्या भांडारातून तो एका ओळीत बसवता येतो. मग सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट आणि तळाशी ‘कस्टम शॉर्टकट’. तिथे एक बटण आणि त्यामागची आज्ञा लिहायची. बटण डेस्कटॉप स्वतः ऐकतो, त्यामुळे वेलँडची आडकाठी येत नाही.

थांबवण्याच्या आज्ञेला ‘प्ले-पॉज’ म्हणतात. मागे जाण्यासाठी ‘पोझिशन’, मग दहाचा आकडा आणि त्याला चिकटून वजाचं चिन्ह, आकड्याच्या आधी नव्हे, नंतर. आकडा इंग्रजी अंकांतच हवा. मराठी कीबोर्ड चालू असेल तर तो आधी बदलून घ्यावा.

एवढं करूनही एक अडचण उरली. शब्दकोश पाहायला ब्राउझर उघडा असतो आणि त्यात एखादा थांबवून ठेवलेला व्हिडिओ असतो. कधीकधी हुकूम त्यालाच जायचा आणि कामाच्या मध्येच भलताच आवाज सुरू व्हायचा. यावर दोन उपाय आहेत. प्लेअरसीटीएलबरोबर येणारा प्लेअरसीटीएलडी चालू ठेवला की जो प्लेअर शेवटी वाजत होता त्यालाच हुकूम जातो. मी दुसरा निवडला: प्रत्येक आज्ञेत व्हीएलसीचं नावच घातलं. माझं गाणं तिथेच वाजतं, मग अंदाजावर कशाला सोडायचं?

बटणं निवडताना अक्षरांची बटणं मी मुद्दाम टाळली. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत त्याच बटणावर दुसरंच अक्षर असतं, आणि मी दिवसभर मराठी-इंग्रजी अशी ये-जा करत असते. एफ-रांग दोन्हींत सारखीच राहते. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण. त्याच्याबरोबर एफ७ दाबलं की १० सेकंद मागे, एफ८ला थांबणं-चालू होणं, एफ९ला १० सेकंद पुढे. पुढे जाणं मी क्वचितच वापरते. एफ७ मात्र सतत. कधी दोनदा दाबते, म्हणजे तानेच्या आधीची बोलांची बढतही पुन्हा मिळते.

स्वयंपाकघरात गेले की फोन उपयोगी पडतो. फोनवर केडीई कनेक्ट आणि लॅपटॉपवर जीएसकनेक्ट हे एकमेकांशी बोलणारे प्रोग्रॅम बसवले आणि फोन-लॅपटॉप दोन्ही एकाच वाय-फायवर असले की त्याच एमप्रिसमधून फोन गाणं चालवतो-थांबवतो. कॉल आला की गाणं आपोआप थांबावं, हेही तिथे ठरवता येतं.

व्हीएलसीऐवजी एमपीव्ही हा प्लेअर वापरणाऱ्यांनी एमपीव्ही-एमप्रिस हा जोडप्रोग्रॅम वेगळा बसवावा आणि आज्ञेत एमपीव्हीचं नाव घालावं. बाकी सगळं तसंच चालतं.